आजोबांच्या घड्याळात खरंच १७ 'हिरे' असतात का? आणि दुरुस्तीवाला ते काढून घेतो का?

जुनं चावीचं घड्याळ दुरुस्तीला दिलं, चालू होऊन परत आलं आणि चार महिन्यांत पुन्हा बंद पडलं, की घरात कुणीतरी हमखास म्हणतं, "घड्याळवाल्याने आतले हिरे काढून घेतले असणार." पुढे हे कुणी तपासत नाही. घड्याळ कपाटात जातं, तिथून ट्रंकेत, आणि आजोबा गेल्यावर पुन्हा कुणी त्याला हात लावत नाही.

या संशयाला कारण आहे. घड्याळाच्या डायलवरच बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, '१७ ज्वेल्स'. ज्वेल म्हणजे रत्न, हे दहावी झालेल्या पोरालाही माहीत असतं. मग आत १७ रत्नं आहेत म्हटल्यावर ती महाग असणार, आणि महाग वस्तूवर कुणाचा तरी डोळा असणार. मागे जुन्या टीव्ही-रेडिओत 'रेड मर्क्युरी' नावाचं लाखमोलाचं रसायन असतं अशी अफवा मोबाईलवर फिरली होती. त्याच जातीचा हा समज, फक्त वयाने बराच जुना. आणि यात अर्धं खरंही आहे, म्हणून तो मरत नाही.

खरं एवढंच, की घड्याळात माणिक असतं. ते माणिक खाणीतलं नसतं, कारखान्यातलं असतं. ते शोभेसाठी बसवलेलं नसतं, बेअरिंग म्हणून बसवलेलं असतं. आणि ते काढून विकायला गेलं तर चहाचे पैसेही निघणार नाहीत.

बैलगाडीचं चाक आणि घड्याळाचं चाक

बैलगाडीचं चाक आसाभोवती फिरतं. वंगण घातलं नाही तर करकरतं. तसंच दामटत राहिलं तर तुंब्याचं भोक झिजून मोठं होतं आणि चाक डुगडुगायला लागतं. विहिरीवरच्या मोटरचंही तेच. बुश घासलं की शाफ्ट हलायला लागतो, आवाज येतो आणि एक दिवस मोटर जाम होते. जिथे काही फिरतं तिथे घासतं, आणि घासतं तिथे झिजतं.

चावीच्या घड्याळात चार-पाच चाकं सतत फिरत असतात. चावी दिली की आतली मोठी स्प्रिंग गुंडाळली जाते. ती हळूहळू सुटताना चाकांना ढकलते. एक चाक तासाला एक फेरी मारतं, एक मिनिटाला एक. शेवटी असतं 'बॅलन्स', म्हणजे केसासारख्या बारीक स्प्रिंगवर मागे-पुढे हेलकावणारं गोल चाक. घड्याळाचं हृदय म्हणतात ते हेच.

आता आकडे बघा. एचएमटीच्या 'जनता'सारख्या घड्याळाचा बॅलन्स तासाला १८,००० ठोके देतो. सेकंदाला पाच. दिवसाला ४ लाख ३२ हजार. वर्षाला पावणेसोळा कोटींच्या आसपास. एवढं काम जे आसाचं टोक करतं ते एक मिलिमीटरचा दहावा भाग, म्हणजे डोक्याच्या केसापेक्षा थोडंच जाड. हे टोक स्टीलचं. ते पितळेच्या पट्टीतल्या भोकात फिरवलं तर काय होईल? काही वर्षांत भोक लांबट होतं, पितळेचा भुगा तेलात मिसळून काळा चिखल होतो, चाक कलतं आणि घड्याळ मागे पडायला लागतं.

त्या भोकात एक कडक, गुळगुळीत बुश बसवावं लागतं. ते बुश म्हणजेच ज्वेल.

१७ चा हिशेब

हा आकडा हवेतून आलेला नाही. एकेक मोजता येतो.

बॅलन्सच्या आसाला दोन टोकं असतात. प्रत्येक टोकाला एक भोकाचं ज्वेल आणि त्याच्यावर झाकणासारखं एक सपाट, बिनभोकाचं ज्वेल. झाले चार. बॅलन्सच्या खाली एक छोटी माणकाची खुंटी असते, ती दर हेलकाव्याला शेजारच्या काट्याला धक्का देते. पाच. तो काटा म्हणजे पॅलेट. त्याला माणकाचे दोन चौकोनी दात असतात, चाक अडवायचं आणि सोडायचं काम त्यांचं. सात. पॅलेटच्या आसाला वर-खाली दोन, म्हणजे नऊ. मग उरली चार चाकं, प्रत्येकाला वर-खाली दोन. आठ. एकूण सतरा.

जिथे घासणं जास्त आहे तिथे सगळीकडे ज्वेल बसतं, आणि बेरीज १७ येते. फक्त पहिली सात बसवली तर 'सात ज्वेल्स'चं स्वस्त घड्याळ. मधलं मोठं चाक सोडलं तर १५. ऑटोमॅटिक घड्याळात हात हलला की फिरणारी वजनाची चकती असते आणि तिची जादा चाकं असतात, म्हणून तिथे २१ किंवा त्याच्या पुढचा आकडा दिसतो.

घड्याळ कानाला लावल्यावर जी टिकटिक येते ती बरीचशी या माणकांचीच. स्टीलच्या चाकाचा दात माणकाच्या दातावर येऊन थडकतो, त्याचा तो आवाज.

माणिकच का?

कडकपणा मोजायची एक पट्टी आहे, एक ते दहा. आपलं नख अडीचवर येतं. चाकूचं पातं आणि काच साडेपाचच्या आसपास. वाळूचा कण सातवर. हिरा दहावर. माणिक नऊवर, म्हणजे हिऱ्याच्या खालोखाल.

माणिक ज्या खनिजाचं असतं त्याला मराठीत कुरुंद म्हणतात. सुऱ्या-कात्र्यांना धार लावायच्या साणेत पूर्वी याच कुरुंदाची पूड लाखेत मिसळून वापरत. रंगारी लोखंड घासायला जो एमरी पेपर वापरतात त्यावरही हेच असतं. स्टीलला घासून काढणारा दगड स्टीलकडून काय झिजणार? उलट त्याला चांगलं पॉलिश केलं की तो आरशासारखा गुळगुळीत होतो, स्टीलचं टोक त्यावर अगदी कमी जोरात फिरतं, गंज चढत नाही, तेल शोषलं जात नाही. ज्वेलच्या वरच्या बाजूला छोटीशी वाटी कोरलेली असते. टाचणीच्या टोकावर मावेल एवढा तेलाचा थेंब त्या वाटीत वर्षानुवर्षं टिकतो.

ही युक्ती आजकालची नाही. निकोलस फातियो हा मूळचा जिनिव्हाकडचा गणिती लंडनमध्ये राहायचा. न्यूटनचा मित्र. माणकाला बारीक भोक पाडायची रीत त्याला जमली होती. १७०४ मध्ये त्याने दोबोफ्र नावाच्या दोन घड्याळजी भावांबरोबर तिचं इंग्लंडमध्ये १४ वर्षांचं पेटंट घेतलं. पुढे पेटंटची मुदत वाढवून मागितली, तेव्हा लंडनच्या घड्याळजींची संघटना विरोधात उभी राहिली. त्यांनी इग्नेशियस हगफोर्ड नावाच्या कारागिराचं एक जुनं घड्याळ पुढे केलं. यात आधीपासूनच रत्न आहे, मग हा शोध नवा कसा, असा त्यांचा मुद्दा. फातियोची मागणी फेटाळली गेली. पुढे कितीतरी वर्षांनी ते घड्याळ उघडून नीट बघितलं तेव्हा कळलं, की तो खडा नुसता शोभेचा होता. त्यावर काही फिरतच नव्हतं! घड्याळातल्या खड्यावरून लोकांची फसगत होण्याची ही बहुधा पहिलीच खेप.

भट्टीत पिकलेलं माणिक

त्या काळी ज्वेल्स खऱ्या रत्नांची असत, म्हणून ती महागड्या घड्याळांतच बसत. नैसर्गिक माणिक प्रत्येक वेगळं, कुठे चीर, कुठे डाग. सामान्य माणसाच्या मनगटावर ते येणं शक्य नव्हतं.

हे बदललं ऑग्युस्त व्हर्नय या फ्रेंच रसायनतज्ज्ञामुळे. १९०२ मध्ये त्याने आपली पद्धत जाहीर केली. बॉक्साइटपासून अॅल्युमिना नावाची पांढरी पावडर मिळते. स्वयंपाकघरातल्या पातेल्यांचं अॅल्युमिनियम हिच्यापासूनच बनतं. ही पावडर अगदी शुद्ध घ्यायची, तिच्यात क्रोमियमचा अंश मिसळायचा आणि वरून ऑक्सिजन-हायड्रोजनच्या ज्वाळेतून थोडी थोडी खाली पडू द्यायची. त्या ज्वाळेचं तापमान दोन हजार अंशांच्या वर. कण पडता पडता वितळतात आणि खालच्या दांडीवर थेंबावर थेंब साचत जातात, मेणबत्तीचं मेण खाली साचतं तसे. काही तासांत बोटाएवढा लाल कांडा तयार होतो.

हा कांडा म्हणजे काच नाही, प्लास्टिक तर नाहीच. खाणीतल्या माणकात जे असतं तेच यात असतं, तितकाच कडकपणा, तोच लाल रंग. फरक एवढाच, की जमिनीच्या पोटात ज्याला लाखो वर्षं लागली ते इथे जेवणाच्या सुट्टीआधी होतं. लाल रंगही क्रोमियममुळेच येतो. तो नसेल तर दगड पारदर्शक होतो आणि बेअरिंग म्हणून तितकाच चालतो.

स्वित्झर्लंडमधल्या माँते गावात १९१४ पासून अशा दगडांचा मोठा कारखाना सुरू झाला. त्याचा संस्थापक आर्मेनियन, आडनाव जेवाहिरजियान. या आडनावात आपला 'जवाहीर' शब्द बसलेला आहे. अरबी-फारसीतून तो तिकडेही गेला आणि मराठीतही आला.

कांड्याचे पातळ काप पाडायचे, त्याच्या गोल चकत्या करायच्या आणि मग भोक. हे भोक साध्या ड्रिलने पडत नाही. बारीक तारेला हिऱ्याची पूड लावून ते पाडत, पुढच्या काळात लेझर आलं. ज्वेलमध्ये जी काही थोडीफार किंमत आहे ती या मेहनतीची. दगडाची नाही.

घड्याळाबाहेरही हा दगड मोठं काम करून गेला आहे. विमानातली मापनयंत्रं, होकायंत्रं, सगळीकडे ज्वेल बेअरिंग लागायची. दुसऱ्या महायुद्धात ती मिळेनाशी झाल्यावर मोठमोठ्या देशांची पळापळ झाली. त्याचा धडा घेऊन अमेरिकन सरकारने १९५० च्या दशकात नॉर्थ डकोटा राज्यातल्या रोला या छोट्या गावात, तिथल्या आदिवासी वस्तीजवळ, स्वतःचा ज्वेल बेअरिंगचा कारखाना काढला. आपल्या घरी लाइटचा जुना मीटर होता, ज्यात अॅल्युमिनियमची चकती गरगर फिरायची, तो आठवतो? तशा अनेक मीटरांमध्ये ती चकती अशाच एका दगडावर टेकलेली असायची.

मग १७ ज्वेल्सची किंमत किती?

साधा हिशेब मांडू. एक ज्वेल साधारण सव्वा मिलिमीटर रुंद आणि मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याहून थोडं कमी जाड धरलं, तर वजन भरतं दीड मिलिग्रॅमच्या आसपास. सतरांचं मिळून पंचवीस मिलिग्रॅम. सोनाराकडची एक गुंज साधारण १२० मिलिग्रॅमची. म्हणजे सगळी ज्वेल्स एकत्र केली तरी गुंजेचा पाचवा हिस्सा. त्यात माल कारखान्यातला, वर प्रत्येकाला मधोमध भोक. कोणताही जवाहीर हे विकत घेणार नाही.

आणि घड्याळवाल्याने एक जरी भोकाचं ज्वेल काढलं तरी त्या आसाचं टोक लोंबकळेल आणि घड्याळ तिथेच थांबेल. चार महिने चालून मग बंद पडलेल्या घड्याळातून 'हिरा' चोरीला गेलेला असणं शक्य नाही. तो आधीच गेला असता तर घड्याळ दुकानातूनच बंद निघालं असतं.

याचा अर्थ सगळेच दुरुस्तीवाले साव, असा नाही. फसवणूक होते, पण दुसऱ्या रस्त्याने. चांगलं मशीन काढून झिजलेलं बसवणं, किंवा चावीचं मशीन काढून आत सेलवर चालणारं बसवणं, हे प्रकार घडतात. घड्याळ देण्याआधी मागचं झाकण उघडायला सांगा आणि मोबाईलवर मशीनचा एक स्पष्ट फोटो काढून ठेवा. लाल ठिपके मोजता येतात, मशीनवर कोरलेला नंबर आणि बहुधा ज्वेल्सचा आकडाही दिसतो. परत घेताना तोच फोटो समोर धरा. चांगला कारागीर याचा राग मानत नाही.

जास्त ज्वेल्स म्हणजे जास्त चांगलं?

इथेही हगफोर्डच्या खड्याचीच गोष्ट पुन्हा घडली. आकडा मोठा असला की गिऱ्हाईक भुलतं, हे कंपन्यांनी ओळखलं. १९६० च्या दशकात तर काहींनी थेट १०० ज्वेल्सची घड्याळं काढली. त्यातली बरीचशी ज्वेल्स कडेला नुसती बसवून ठेवलेली, त्यांच्यावर काही टेकत नाही, काही फिरत नाही. अखेर आंतरराष्ट्रीय मानक ठरवावं लागलं, की जे ज्वेल घासणं कमी करतं तेवढंच मोजायचं, शोभेचं धरायचं नाही.

साध्या चावीच्या घड्याळाला १७ पुरतात. ऑनलाइन जुनं घड्याळ घेताना डायलवर २१ किंवा २५ लिहिलंय आणि मशीनवर १७ कोरलंय असं दिसलं, तर डायल नंतर रंगवून घेतलेली आहे किंवा दोन घड्याळांचे भाग जोडलेले आहेत, असं समजायला हरकत नाही. जुन्या एचएमटीला सध्या हौशी लोकांकडून मागणी आहे आणि त्या नावाखाली चकाचक रंगवलेल्या डायलची घड्याळं भरपूर विकली जातात. चाळीस वर्षांचं घड्याळ आणि डायल मात्र कालची, हे बघूनच शंका यायला हवी.

एचएमटीने १९६१ मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीने बंगळुरूत घड्याळं बनवायला सुरुवात केली. लग्नात नवरदेवाला, निवृत्तीला गुरुजींना, बारावी पास झालेल्या मुलाला तेच घड्याळ मिळायचं. ही घड्याळ कंपनी बंद करायचा निर्णय केंद्र सरकारने जानेवारी २०१६ मध्ये घेतला. म्हणून घरात पडलेलं जुनं एचएमटी फेरीवाल्याला शे-दोनशेत देण्याआधी थोडं थांबा. त्याला जी किंमत येते ती चालू, मूळ भागांचं, न रंगवलेलं घड्याळ म्हणून येते. आतल्या माणकांसाठी कुणी छदाम देत नाही.

घड्याळ मग बंद का पडलं?

बहुतेक वेळा तेलामुळे. घड्याळाचं तेल काही वर्षांत घट्ट होतं किंवा वाळतं. ज्वेल कितीही कडक असलं तरी कोरडं झालं की त्यावर फिरणारं स्टीलचं टोक झिजतं. त्यात शेतातली धूळ. वाळूचा कण सातवर, म्हणजे स्टीलपेक्षा कडक. माणकाचं तो काही वाकडं करू शकत नाही, पण स्टीलच्या टोकाला ओरखडे पाडतो. ज्वेल तसंच राहतं, आस बाद होतो. काही दुरुस्तीवाले मशीन न उघडता वरूनच पेट्रोल मारून किंवा तेलाचा थेंब सोडून घड्याळ चालू करून देतात. ते चालतं, जुना गाळ पुन्हा जमतो, आणि तीन-चार महिन्यांत बंद. 'हिरे काढले'चा संशय नेमका इथेच जन्माला येतो.

दुसरं कारण, पडणं. बॅलन्सच्या आसाचं टोक केसाएवढं असल्याने घड्याळ फरशीवर आपटलं की ते मोडतं. म्हणून बऱ्याच घड्याळांत बॅलन्सची ज्वेल्स छोट्या स्प्रिंगवर बसवलेली असतात, धक्का बसला की ती किंचित सरकतात आणि परत जागेवर येतात. एचएमटीच्या डायलवर 'पॅराशॉक' लिहिलेलं असतं ते यासाठी. त्याचा अर्थ घड्याळ कसंही आपटा असा नाही.

वर्षानुवर्षं बंद असलेलं घड्याळ सापडलं तर उत्साहाने फुल चावी देऊन दिवसभर चालवू नका. आतलं तेल वाळलेलं असतं, आणि जेवढं चालेल तेवढी टोकं घासली जातील. आधी सर्व्हिसिंगला द्या. तिथे विचारायचा प्रश्न एकच, "मशीन पूर्ण खोलून धुणार का?" हो म्हणाला तर प्रत्येक चाक सुटं होईल, ज्वेलच्या भोकांतला गाळ निघेल आणि नव्या तेलाचा थेंब प्रत्येक वाटीत पडेल. त्यानंतर चार-पाच वर्षांनी पुन्हा तेवढंच करायचं. चावी रोज ठरलेल्या वेळी द्यायची आणि ती देताना घड्याळ मनगटावरून काढून हातात घ्यायचं. मनगटावर असतानाच पिळलं तर चावीची दांडी एका बाजूला दाबली जाते आणि तिचं भोक झिजतं. त्या भोकाला ज्वेल नसतं.